जादा गाडी

“पुकारू का?”

आप्पांनी माइक छातीशी धरला होता आणि त्याच्या तोंडावर मूठ दाबली होती, आमचं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून. समोर हिरवळीवर माणसं होती. मघाशी पाय पसरून बसलेली, आता उभी राहिलेली. पिवळ्या ओढणीवाली एक मुलगी चपला हातात घेऊन सगळ्यांच्या पुढं आली होती. तिच्यामागं बाकीचे सरकत होते, स्टँडवर गाडी लागायच्या आधी सरकतात तसे.

मी गेटाकडं पाहिलं. गेट रिकामं होतं.

नाही. ही जागा माझ्याकडून दर वेळी घाईनं सांगितली जाते. गोष्ट मागं घेते.

*

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर आप्पा, माझे वडील, कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीमागं बसायचं, आलेल्या-गेलेल्या गाड्या मांडायच्या आणि माइकवरून गाडी पुकारायची. घरात त्यांचं बोलणं “न्हाई” आणि “व्हय”चं. माइक हातात आला की मात्र शाळेतले गुरुजी लाजावेत असं मराठी. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे.’ ‘स्वारगेट’मधला स्वा तर असा लांबवायचे की ज्याला पुण्याला काही काम नाही त्यालाही जावंसं वाटावं.

त्यांचा नियम एकच होता. गाडीचं तोंड गेटात दिसल्याशिवाय गाडी पुकारायची नाही.

“आधी पुकारली आन् आली न्हाई,” ते म्हणायचे, “तर म्हातारं माणूस गठुडं घिऊन पळतंय. मग त्येचं पाप कुणाच्या डोक्यावर?”

मी त्या खिडकीखाली बसून अभ्यास केलेली मुलगी. गाडीचं दार आदळल्याचा आवाज, कंडक्टरच्या घंटीचे दोन टोले, तिकिटाच्या पंचाची टकटक, रिव्हर्स घेणाऱ्या गाडीमागं हातानं मारलेली थाप, हे सगळं मी कॉलेजात असताना मोबाइलवर गोळा करायला लागले. मग लॅपटॉपवर ते तोडायचं, ताणायचं, एकावर एक चढवायचं, त्याखाली ठोका घालायचा. स्वतःला नाव घेतलं ‘फलाट’. नातेवाइकांना मी सांगायची, मी इलेक्ट्रॉनिक संगीत करते. नातेवाईक पुढच्याला सांगायचे, कांचन डीजे लावते.

कामं मिळायची ती अशी. मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन. कॉलेजचं गॅदरिंग. एकदा साताऱ्यात एका लग्नाचं संगीत. तिथं मी अर्धा तास जीव ओतून वाजवत होते आणि नवरीचे मामा येऊन नम्रपणे म्हणाले, “मॅडम, मशीन टेस्टिंग झालं असेल तर गाणी सुरू करायची का?”

पुण्या-मुंबईत कार्यक्रम ठरवणारी जी माणसं असतात त्यांना लिंक पाठवायची. उत्तर यायचं: मस्त आहे, पुढे बघू. हे ‘पुढे बघू’ मी इतक्या वेळा ऐकलं की एका ट्रॅकमध्ये घालायचं ठरवलं होतं.

त्या उन्हाळ्यात आप्पा निवृत्त झाले आणि स्टँडवर रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला. आप्पा घरात बसले. दिवसभर गप्प. आई त्यांना जेवायला बोलवायची, “अहो, ताट फलाटावर लागलंय, या.” ते हसायचे नाहीत. म्हणून मी त्यांना माइकसमोर उभं केलं. खरं तर काही त्यांच्यासाठी म्हणून नाही, तसा आवाज मला दुसरीकडं मिळाला नसता म्हणून.

तालीम आमच्या स्वयंपाकघरात. ट्रॅक असा होता: बराच वेळ नुसता ठोका, लांबून येणारं इंजिन, दारं, घंटी, आवाज वाढत वाढत छातीवर बसतो. मी हात वर करते. सगळं बंद. शांततेत आप्पा पुकारतात, आणि त्यांचं ‘लागत आहे’ संपलं की सगळं एकदम कोसळतं.

पहिल्या दिवशी मी हात केला. आप्पा गप्प.

“आप्पा, बोला की.”

“गाडी कुटाय?”

“तुम्ही पुकारल्यावर येते.”

“आदी पुकारायचं? मग गाडी?”

“हो. यात असंच असतं.”

त्यांनी खिशातली कागदाची पुडी काढली, एक लवंग दाढेखाली ठेवली आणि विचार केला. “म्हंजी जादा गाडीसारखं,” म्हणाले.

मला ते दोन शब्द फार आवडले. म्हटलं, “हां, तसंच. जादा गाडी.” ट्रॅकचं नाव तिथंच पडलं. सारखं म्हणजे कशासारखं, ते मी विचारलं नाही. यात्रा-दिवाळीला जादा गाड्या सोडतात, एवढं मलाही ठाऊक होतं.

“आणि सारखी लवंग काय हो?”

“घसा साफ ऱ्हातोय.”

*

‘जादा गाडी’ ऐकून ऋत्विज सबनीसचा फोन आला. तो मुळशीच्या रस्त्यावर एका फार्मवर दर हिवाळ्यात दिवसभराचा जलसा करायचा, नुसता आमच्यासारख्यांचा. तिथं वाजवलेला माणूस ‘पुढे बघू’च्या बाहेर पडतो, असं आमच्यात मानत.

“कांचन, तो आवाज कुणाचा आहे?”

“वडिलांचा.”

“म्हणजे खरे वडील? ते येतील? लाइव्ह?”

मग त्यानं मार्टाचं सांगितलं. या बाई युरोपातल्या एका मोठ्या महोत्सवासाठी आपल्याकडचे कलाकार निवडायला आल्या होत्या. एकच जागा होती. बाहेर एकदा वाजवलं की इथली माणसं आपले फोन उचलतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि घरात बोलणं झालेलं होतं: मार्चपर्यंत काही लागलं तर ठीक, नाही तर गावच्या हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवायचं. अर्ज आईनं आणूनही ठेवला होता.

आम्ही दुपारी पोचलो. आप्पांनी निरोप समारंभातला पांढरा शर्ट घातला होता. ऋत्विजनं त्यांचे दोन्ही हात धरले. “काका, तुम्ही लेजेंड आहात.”

“चहा कुटं मिळंल?” आप्पा म्हणाले.

ऋत्विज मला बाजूला घेऊन म्हणाला, “ऐक. तू पहिली आहेस. लोक आत्ता येतायत, खातायत, पसरतायत. त्यांना उठवू नको. मेन आर्टिस्टच्या आधी पब्लिक नाचून दमलं तर तो माझं डोकं फोडेल. खाली ठेव, दाबून ठेव.”

“आणि ‘जादा गाडी’?”

“शेवटी. मार्टा वाटेत आहेत. त्या गेटातून आत आल्या की मी हात वर करतो. मग सोड. तोपर्यंत नाही.”

पहिल्यानं वाजवणाऱ्यानं माणसं उठवायची नाहीत, हा आमच्या धंद्यातला रिवाज मला ठाऊक होता. मी आप्पांना ते सगळं सांगितलं. गेटातून आत आल्यावर, हे ऐकून त्यांनी मान डोलावली. “बराबर हाय. शिस्तीचं हाय.”

मलाही बरं वाटलं. दोन्ही धंद्यांचा नियम एकच निघाला.

*

मी दाबून वाजवत होते. ऊन उतरायला लागलं होतं. जेवणाच्या टपऱ्यांकडची माणसं हळूहळू हिरवळीवर आली, चादरींवर बसली, एक बाई बाळाला पाठीवर थोपटत होती आणि तिची थाप माझ्या ठोक्यावर पडत होती. ते बघून मी ठोका किंचित पुढं आणला. किंचितच. पिवळ्या ओढणीवाली उठली. तिनं चपला काढल्या.

मग काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी काही वर नेलं नव्हतं. पण एकामागून एक माणसं उभी राहिली. नाचत नव्हती, नुसती उभी, तोंडं आमच्याकडं. इंजिनाचा आवाज मी लांबून येऊ दिला होता, तो ऐकून त्यांना कळलं होतं की काहीतरी येतंय.

“पुकारू का?”

इथं होते मी मघाशी.

गेटाकडं पाहिलं. गेट रिकामं. ऋत्विज गेटापाशी फोन कानाला लावून उभा, हात खाली.

“थांबा,” मी म्हटलं. “गाडी गेटात नाही अजून.”

आप्पा गालात हसले. आपलंच वाक्य पोरीच्या तोंडून आलं की माणूस हसतो तसे. माइक छातीशी धरून उभे राहिले.

मी इंजिन थोडं मागं नेलं. परत आणलं. घंटी वाजवली, दोन टोले. गर्दीतून कुणीतरी शिट्टी मारली. पिवळी ओढणी ओरडली, “सोड की गं.”

“कांचे.”

“काय?”

“स्टँड भरलाय.”

“दिसतंय मला, आप्पा.”

“मानसं हुबी हायेत.”

“त्यानं हात केलेला नाही.”

“पुकारू का?”

“थांबा म्हटलं ना.”

ते थांबले. त्यांनी पुडीतून नवीन लवंग काढून दाढेखाली धरली, डोळे क्षणभर मिटले. मला वाटलं, घसा तयार ठेवतायत.

इंजिन मागं. इंजिन पुढं. ही युक्ती किती वेळा चालते? दोनदा चालते. तिसऱ्यांदा माणसांना कळतं की लांबून येणारं हे लांबच राहणार आहे. कडेची माणसं आधी बसली. मग मधली. बाळाला थोपटणाऱ्या बाईनं पिशवी आवरली. पिवळ्या ओढणीवालीनं बराच वेळ वाट पाहिली, एवढं श्रेय मी तिला दिलं पाहिजे. शेवटी तिनं चपला जमिनीवर टाकल्या आणि पायात घातल्या.

तेव्हा ऋत्विजचा हात वर झाला.

मी आप्पांकडं वळलेसुद्धा. पण त्याचं बोट हवेत गोल फिरत होतं. गुंडाळ.

तो धावत आला. “सॉरी यार. त्या चांदणी चौकात अडकल्यात. आणि हा मेन आर्टिस्ट पोचलाय, त्याला वेळेवर चढायचंय.”

मेन आर्टिस्टची माणसं माझ्या टेबलाखालून वायरी ओढायला लागलीच होती.

“एकच ट्रॅक, ऋत्विज. तोच एक.”

“आता लोक बसलेत, कांचन. आता सोडून काय होणार? पुढच्या वर्षी नक्की. शब्द.”

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मी आवाज हळूहळू उतरवला. चार-दोन टाळ्या वाजल्या, सभ्य. आप्पांनी माइकचं बटण बंद केलं, रुमालानं माइक पुसला आणि जागेवर ठेवला. दिवसभरात ते त्यात एक अक्षरही बोलले नव्हते.

आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा गेटातून एक पांढरी गाडी आत आली. मागच्या दारातून एक उंच बाई उतरल्या आणि स्टेजकडं बघत चष्मा पुसू लागल्या.

“आली गाडी,” आप्पा म्हणाले. माइकवरच्या आवाजात म्हणाले, पण माइकशिवाय.

*

स्वारगेटला आमची गाडी अजून लागलेली नव्हती. बाकावर बसलो. वर रेकॉर्डवाली बाई आमची गाडी पुकारत होती. आप्पांनी फलाटाकडं पाहिलं. रिकामा.

“हिला काय, टायमाला बोलायचं,” ते म्हणाले. “गाडी असू दे नसू दे.”

मी म्हटलं, “आपण नियमानं केलं, आप्पा.”

“व्हय.”

“गेटात आल्यावरच पुकारायचं.”

“रोजच्या गाडीला.” त्यांनी पाय पुढं केले, बुटांकडं बघत राहिले. “जादा गाडीचं तसं नसतंय.”

“म्हणजे?”

“यात्रेत स्टँड भरला की डेपोत फोन करायचा, जादा गाडी द्या. त्ये म्हननार, ड्रायव्हर न्हाई. परत करायचा. गाडी न्हाई. बगतो. पुढं बगू.” ‘पुढे बघू’ त्यांच्या तोंडून ऐकून मी मान वळवली. “मग आपनच पुकारायचं. जादा गाडी फलाट दोनवर लागत आहे. मानसं रांग करत्यात, पोरंबाळं खांद्यावर घेत्यात. येवडी रांग बगून मग डेपोला काडावीच लागती गाडी. पुकारल्यावर येती ती.”

“आणि नाही आली तर?”

“येती. एकदा न्हाई आली. लई शिव्या खाल्ल्या.” ते थोडे हसले. “पर मानसं हुबी ऱ्हायल्यावर न पुकारणं, ह्ये काय जमलं न्हाई कदी.”

मला तालमीतलं ते वाक्य आठवलं. म्हंजी जादा गाडीसारखं.

“मग तिथं का नाही पुकारलं तुम्ही? माइक तुमच्या हातात होता.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मी अगदी साधी गोष्ट विसरल्यासारखं पाहिलं.

“कंट्रोलर तू हुतीस की.”

गाडी आली. आम्ही चढलो. खिडकीशी मला बसवून त्यांनी बॅग मांडीवर घेतली. वाटेत त्यांनी हनुवटीला हात लावला होता, मला वाटलं झोपलेत.

*

मार्टाबाईंना लिंक पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं, सौजन्याचं. आवाज विलक्षण आहे, हा माणूस प्रत्यक्ष उभा असता तर बघायला आवडलं असतं.

पुढच्या वर्षी ऋत्विजनं शब्द पाळला. फोन केला, तारीख दिली, शेवटाजवळची वेळ दिली. मी नाचत स्वयंपाकघरात गेले.

“मला न्हाई जमायचं,” आप्पा म्हणाले.

तोपर्यंत त्यांचे दात काढून झाले होते. फार्मवरून आलो त्याच आठवड्यात ते डॉक्टरकडं गेले होते, वरचे खालचे सगळे, आणि नंतर कवळी बसली होती. कवळीनं त्यांच्या ‘स’-‘श’मागं बारीक शिट्टी वाजायची. ‘स्वारगेट’ म्हटलं की शिट्टी. ‘प्रवाशांनी’ला शिट्टी. मी म्हटलं, चालेल, उलट छान वाटेल. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

“शिट्टी मारायला कंडक्टर असतोय,” म्हणाले.

ते बाहेर गेल्यावर आई भांडी घासता घासता बोलली. माझ्याकडं पाठ करूनच. दात उन्हाळ्यापासून हलत होते. डॉक्टरनं गणपतीतच सांगितलं होतं, पू झालाय, काढा. यांनी सांगितलं, पोरीचा कार्यक्रम झाला की काढू. रात्र रात्र गालाखाली फडकं घेऊन बसायचे.

“आणि मला कुणी सांगितलं नाही?”

“तुला वास येत नव्हता होय गं लवंगांचा?” आई म्हणाली.

येत होता.

*

हायस्कुलात गेले नाही. ऋत्विजच्या जलशात त्या वर्षी आप्पांचा घरच्या तालमीतला आवाज वापरला, लोक नाचले, नंतर फोन उचलले जायला लागले. हळूहळू, म्हणजे एकेक गाव करत. आज माझं बरं चाललंय. बाहेरही वाजवून आले, एकदा मार्टाबाईंच्याच गावात. आप्पा त्याआधीच्या पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत माइकला त्यांनी परत हात लावला नाही, आणि मला त्याबद्दल एकदाही बोलले नाहीत.

‘जादा गाडी’ मागितल्याशिवाय लोक मला खाली उतरू देत नाहीत. आवाज कोसळायच्या आधी त्यात एक बारीक ‘कट्’ असा आवाज आहे. आमच्या धंद्यातली पोरं विचारतात, कुठल्या यंत्रातून काढलास. दाढेखाली लवंग फुटते त्याचा आहे. एका साउंडवाल्यानं तो साफ करून दिला होता. मी परत घातला.

आणखी एक घातलंय. फार्मवरचं सगळं वाजवणं मी रेकॉर्ड केलेलं होतं, आम्ही करतोच. आप्पांनी माइकवर मूठ धरली होती, पण बटण चालू होतं. खोल, दबका, मुठीतून आलेला आवाज. आता इंजिन छातीवर बसलं की मी सगळं थांबवते आणि तेवढंच सोडते.

“पुकारू का?”

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मला कल्पना नव्हती. अंधारातून कुणीतरी ओरडलं, “पुकारा.” मग सगळे. आता तर प्रत्येक गावात ओरडतात, मराठी न येणारेसुद्धा, एकमेकांचं ऐकून. पुकारा. मी हात वर करते आणि स्वयंपाकघरातले आप्पा पुकारतात.

त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या प्रश्नानंतर लगेच माझा आवाज आहे. त्यातला एकच शब्द कळतो. तो मी कापलाय.